श्रमदान केलंच होतं, काका; पत्रं त्यानंतर लिहिली

नमस्कार काका,

तुम्ही वय एकाहत्तर आणि पाटबंधारे खात्यातली तेहतीस वर्षांची नोकरी सांगितलीत, म्हणून काका म्हणते. इंग्लंडमधल्या आमच्या भाजीच्या प्लॉटांची देखभाल व्हावी म्हणून तिथल्या कौन्सिलला (नगरपालिकेला) लिहिलेल्या पत्रांवर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा मनाला लागली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा त्यातली एक गोष्ट बरोबर आहे हे मान्य करावं लागलं. म्हणून नुसते आभार न मानता नीट उत्तर देते.

तुम्ही लिहिलंत: “दोन वर्षं पत्रं लिहिण्यात गेली. तेवढ्यात वीस माणसांनी कुदळी उचलल्या असत्या तर जागा कधीच साफ झाली असती. हिवरे बाजार कुणाकडे अर्ज घेऊन गेलं होतं? आणि कायद्यात कौन्सिलवर देखभालीची सक्ती आहे कुठे? परक्या मुलखात राहून तिथल्या सरकारशी तंटा करणं आपल्याला शोभत नाही.”

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडं सांगते. इंग्लंडमध्ये कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, लोकांना घरच्यापुरती भाजी पिकवायला जमिनीचे तुकडे वर्षाच्या भाड्याने देते. त्याला अलॉटमेंट म्हणतात. पूर्ण प्लॉट दहा पोलांचा. पोल हे जुनं इंग्रजी माप, पण आपल्याला ते परकं नाही. एकरात १६० पोल आणि ४० गुंठे, म्हणजे चार पोलांचा बरोबर एक गुंठा. आमचा प्लॉट अडीच गुंठ्यांचा आहे. मिडलंड्समधल्या एका गावाच्या कडेला अशा ६२ प्लॉटची आमची साइट. मी तिथे आले तेव्हा २३ प्लॉट काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळीखाली गेले होते, पाण्याच्या तीनपैकी दोन तोट्या बंद होत्या आणि मागचं कुंपण आडवं पडलं होतं. भाडं मात्र दर वर्षी वेळेवर वसूल होत होतं.

आता श्रमदान. ते आम्ही केलं, काका. सलग दोन वर्षं मार्च-एप्रिलचे सगळे रविवार. त्याबद्दल मी लेखात एकच ओळ लिहिली, ही माझी चूक. पंजाबी आजोबा, पोलंडहून आलेलं एक जोडपं, दोन निवृत्त शिक्षिका, आम्ही दोघं नवरा-बायको आणि जेव्हा जो येईल तो. मधला रस्ता मोकळा केला. ब्लॅकबेरीचे मुठीएवढे गड्डे कुदळीने काढले. बाइंडवीड नावाची एक वेल असते, तिची पांढरी मुळं सुतळीसारखी खोल जातात आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला नवा कोंब येतो. आपल्याकडे हरळीने ज्यांना रडवलंय त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. दोन वर्षांत पाच प्लॉट साफ झाले. ते कसायला माणूस लगेच मिळाला नाही, कारण प्लॉट देण्याचा अधिकार कौन्सिलचा. पुढच्या ऑगस्टपर्यंत त्यातले तीन पुन्हा काट्यांत गेले.

आणि कुदळीने न होणारीही कामं होती. जुन्या शेडच्या छपरांचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे तुटून गवतात पडले होते. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९९ पासून पूर्ण बंदी आहे, पण तोवर बसवलेलं जागोजागी तसंच आहे. त्याची धूळ फुफ्फुसात गेली की वीस-तीस वर्षांनी काय होतं हे ठाऊक असताना मी कुणाच्या हातात ते पत्रे देणार? हद्दीवरच्या अ‍ॅशच्या झाडाला बुरशीचा रोग लागला होता. ही बुरशी ब्रिटनमध्ये २०१२ साली पहिल्यांदा सापडली आणि आता सगळीकडे आहे. वाळलेल्या फांद्या खालच्या प्लॉटवर पडायच्या. झाड कौन्सिलचं, ते आम्ही कसं तोडणार? पाण्याची गळती आमच्यातल्या एकाने स्वखर्चाने थांबवली. तो पेशाने प्लंबर, काम चोख होतं. त्याला कौन्सिलचं पत्र आलं: परवानगीशिवाय पाइपला हात लावलात, पुन्हा असं करू नका.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पुढच्या गोष्टीने. आम्ही राबत होतो तोवर कौन्सिलच्या कागदावर आमची साइट उत्तम होती! पाच वर्षांत एकही लेखी तक्रार नाही. दुरुस्तीसाठी जी थोडी रक्कम असे, ती ज्या साइटवरून तक्रारी येत तिकडे जाई. कालव्याच्या ज्या चारीबद्दल कुणी अर्ज करत नाही, तिच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक कोण बनवतं? हे तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणता.

हिवरे बाजारबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे. पण तिथली गोष्ट नुसत्या श्रमदानाची नव्हती. पंचसूत्रीत श्रमदान होतं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी होती, आणि त्याबरोबर आदर्श गाव योजनेचा सरकारी पैसाही होता. तो पैसा गावाने मागून आणला आणि कामाला लावला, यातच पोपटराव पवारांचं मोठेपण आहे. गावाने घाम गाळला म्हणून सरकारची जबाबदारी संपली असं तिथे कुणी म्हटलं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे.

आता कायदा. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. “कौन्सिलला कायद्याने देखभाल करावीच लागते” असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं आणि लेखात मी दुरुस्त केलं आहे. १९०८ च्या स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स कायद्याचं कलम २३ म्हणतं की मागणी असेल तर कौन्सिलने पुरेसे प्लॉट द्यायला हवेत. ती सक्ती आहे (लंडनच्या मध्यभागातल्या कौन्सिल तेवढ्या तिच्यातून सुटल्या आहेत). देखभाल मात्र कलम २६ मध्ये येते. चर, कुंपण, रस्ते यांची कामं कौन्सिल “करू शकते”, असं तिथे लिहिलंय. “केलीच पाहिजेत” असं नाही. आमच्या पहिल्या पत्रात मी याच कलमाचा हवाला देऊन कौन्सिलला दरडावलं होतं. त्यांच्या वकिलाने एका परिच्छेदात ते पत्र निकाली काढलं आणि आमचे चार महिने गेले. पुढे असं पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की १९०८ च्या कायद्यावर सगळी इमारत उभी करू नका.

मग पकडायचं कुठे? आधी स्वतःचा भाडेकरार वाचा. आमच्या करारात रस्ते आणि पाणी चालू ठेवणं कौन्सिलकडे असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं, आणि आमच्यापैकी कुणीही ते पान उघडून पाहिलं नव्हतं. दुसरं, जागेवर येणाऱ्या माणसाला इजा होऊ नये याची वाजवी काळजी जागेचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याने घ्यायची, असं १९५७ चा ऑक्युपायर्स लायबिलिटी कायदा सांगतो. अ‍ॅस्बेस्टॉस आणि वाळलेलं झाड यांचे फोटो, प्लॉट नंबर आणि तारखा घालून पाठवल्यावर कौन्सिलला “आम्हाला माहीत नव्हतं” म्हणायला जागा उरली नाही. तो पत्रव्यवहार उद्यान खात्याकडून विम्याचं काम पाहणाऱ्या विभागाकडे गेला आणि तीन आठवड्यांत माणूस पाहणीला आला.

माहिती अधिकार तिथेही आहे. २००० सालचा कायदा, उत्तराची मुदत कामाचे वीस दिवस. आम्ही विचारलं: या साइटचं तीन वर्षांचं भाडं किती, खर्च किती, रिकामे प्लॉट किती, प्रतीक्षायादीत माणसं किती आणि शेवटची पाहणी कधी? उत्तराच्या एकाच पानावर दोन आकडे खाली-वर आले. रिकामे प्लॉट २३, प्रतीक्षायादीत ४१ जण. ते पान हातात घेऊन मी स्वयंपाकघरात किती तरी वेळ उभी होते. एकेचाळीस घरांना जमीन हवी आहे, तेवीस प्लॉट पडून आहेत आणि मधे फक्त काटे आहेत. त्यानंतरच्या प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत आम्ही हेच दोन आकडे घातले. कौन्सिलकडे पैसा नाही हे खरंच आहे. बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या कौन्सिलने २०२३ च्या सप्टेंबरात खर्चावर बंधन घालणारी कलम ११४ ची नोटीस काढली. वृद्धांची देखभाल आधी की आमची भाजी आधी, असं विचारलं तर माझंही उत्तर वृद्धांच्या बाजूनेच असेल. पण रिकामा प्लॉट दर वर्षी भाडं बुडवतो आणि तो साफ करण्याचा खर्च दर वर्षी वाढतो.

यामागे एक मोठी भीती आहे, तीही तुम्हाला सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सुमारे १४ लाख प्लॉट होते. आज तीन लाखांच्या आसपास उरलेत. १९२५ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अलॉटमेंटसाठीच घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही. पण हटवल्या जाणाऱ्या लोकांना पर्यायी जागा देण्याची गरजच नाही असं मंत्र्याला पटलं, तर संमती मिळू शकते. ओस पडलेली साइट हा त्या “गरज नाही”चा आयता पुरावा. आधी दुर्लक्ष, मग लोक सोडून जातात, मग कुणाला नकोच आहे असं म्हणायचं आणि मग घरं. गायरानं कशी गेली हे पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. या प्लॉटांचं मूळही तसंच आहे. इंग्लंडच्या गावांची सामाईक कुरणं कुंपणं घालून खाजगी झाली, आणि १८४५ च्या कायद्याने भूमिहीनांसाठी काही तुकडे राखून ठेवायची सोय केली. आम्ही ज्या अडीच गुंठ्यांत मेथी पेरतो, ते हिरावून घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात दिलेल्या जमिनीचे वारस आहेत. म्हणून माझी पत्रं मला तंट्याची वाटत नाहीत.

पुढचं थोडक्यात. कौन्सिलरबाईंना, म्हणजे तिथल्या नगरसेविकेला, आम्ही आधी जुलैत बोलावलं, तो वेळ वाया गेला. जुलैत काटेसुद्धा हिरवेगार आणि फुललेले दिसतात, त्या प्रसन्न होऊन गेल्या. मग फेब्रुवारीत बोलावलं. पानं झडलेली, चिखल, उघडे पडलेले पत्रे आणि कुणीतरी टाकून दिलेल्या गाद्या. त्या कुंपणाशी थांबल्या आणि म्हणाल्या, हे मला कुणीच दाखवलं नव्हतं. पण तोवर त्या वर्षाचं अंदाजपत्रक ठरलं होतं. कौन्सिलचा कर ११ मार्चच्या आत ठरवावा लागतो, म्हणजे मागणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आत जायला हवी. ती आम्ही पुढच्या वर्षी वेळेत दिली.

परक्या मुलखाबद्दल. तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळलं, तरी मला ते पटत नाही. मी तिथे कौन्सिलचा कर भरते, भाडं भरते. आणि एक गोष्ट आपल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसते: ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथल्या निवडणुकांत मतदान करू शकतो. अलॉटमेंटची मागणी करायला कलम २३ खाली सहा सह्या पुरतात. त्या मतदारांच्या असाव्यात किंवा कौन्सिलचा कर भरणाऱ्यांच्या. आमच्या अर्जावर जास्तीच्या प्लॉटसाठी प्रतीक्षायादीतल्या सहा जणांनी सह्या केल्या, त्यांतल्या दोघांकडे भारतीय पासपोर्ट आहे. कौन्सिलला तो अर्ज विचारात घ्यावाच लागला.

आज अ‍ॅस्बेस्टॉस गेलं आहे, झाड उतरवलं आहे, तिन्ही तोट्यांना पाणी आहे. तेवीसपैकी चौदा प्लॉट यंत्राने साफ करून अर्धे-अर्धे वाटले, म्हणजे अठ्ठावीस घरांना जमीन मिळाली. कुंपण अजून पडलेलंच आहे, त्याचं पत्र चालू आहे. आणि रविवारचं श्रमदानही चालू आहे. फरक इतकाच, की आता आम्ही कामाच्या तासांची वही ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी तिची प्रत कौन्सिलला पाठवतो.

आता माझंच तुमच्याकडे एक काम आहे. उरलेल्या नऊपैकी सहा प्लॉट साइटच्या खालच्या अंगाला आहेत आणि नोव्हेंबर ते मार्च पाण्याखाली असतात. माती चिकण, फावड्याला चिकटून बसणारी. वरच्या रस्त्यापासून खालच्या ओढ्यापर्यंत साधारण साठ मीटरमध्ये एक मीटर उतार आहे. कौन्सिल म्हणते, चर कुठून काढायची याचा आराखडा तुम्ही द्या, खोदाईचा खर्च आम्ही पाहू. आमच्यात हे जाणणारं कुणी नाही. उताराला आडवी एकच चर घेऊन कडेने ओढ्यात सोडावी, की उताराच्या दिशेने दोन-तीन काढाव्यात? आणि चिकण मातीत ती उघडी ठेवावी, की तळाला खडी आणि छिद्रांचा पाइप घालून बुजवावी? हाताने काढलेला नकाशा लेखाच्या खाली जोडला आहे. जमेल तेव्हा बघाल का?