अजून एक झटका

रिमोटची गाडी घ्यायची तर बॅटरीवरची घ्यावी, हे कुणालाही पटतं. बॅटरी चार्ज करा, लावा, पळवा. घरी आल्यावर धूळ झटकली की काम संपलं. धूर नाही, तेल नाही, कुणाची झोपमोड नाही. शिवाय हल्लीच्या ब्रशलेस मोटरी आणि लायपो बॅटऱ्या अशा जोरकस, की वेगातही नायट्रोला, म्हणजे इंधनावर पळणाऱ्या रिमोटच्या गाडीला, मागं टाकतात. हे सगळं मी नीट ऐकून घेतलं, पटल्यासारखी मान डोलावली आणि नायट्रो घेतली. तिच्या पोटात खरं इंजिन असतं, ते खरा धूर सोडतं, आणि चाळिशीनंतर माणसाला असल्या गोष्टींचं फार अप्रूप असतं.

निवडीच्या वेळी काथ्याकूट होतो तो आकारांचा. खऱ्या गाडीच्या १:१० मापाची की १:८ ची, बगी की मॉन्स्टर ट्रक, इंजिन ०.१२ चं की ०.२१ चं. हे इंजिनाचे आकडे घन इंचातले असतात, ०.२१ म्हणजे साधारण साडेतीन सीसी. रात्र रात्र जागून मी तक्ते केले, आणि घेताना रंग बघून घेतली. त्याऐवजी एकच प्रश्न स्वतःला विचारायला हवा असतो: तुला गाडी चालवायची आहे, की चालू करायची आहे? नायट्रोवाला हा दुसऱ्या जातीचा प्राणी.

तिला पेट्रोल चालत नाही. तिचं इंधन वेगळं: मुख्यतः मिथेनॉल, त्यात वंगणाचं तेल आणि साधारण १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन. या नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येतं. ड्रॅग रेसिंगच्या टॉप फ्युएल गाड्यांमध्ये ते ९० टक्क्यांपर्यंत असतं. माझ्या गाडीत २० टक्के. पण नातं सांगायला तेवढं पुरतं. गमतीचा भाग सोडला तर मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, म्हणून बाटली कुलपात आणि भरणं-बिरणं उघड्यावर. घरात इंजिन सुरू करण्याचा विषय तर घरातल्यांनीच संपवला.

आता चालू करणं. या इंजिनात ठिणगी पडत नाही. ग्लो प्लग नावाच्या इवल्याशा बोंडात प्लॅटिनमयुक्त तारेचं वेटोळं असतं. सुरुवातीला त्याला दीड व्होल्टचा इग्नायटर लावून तापवायचं. एकदा इंजिनानं पेट घेतला की मिथेनॉल आणि प्लॅटिनम आपसात बघून घेतात, तार आपोआप लाल राहते. फार सुंदर रचना आहे. फक्त तिथवर पोचायला दोरी ओढावी लागते.

नव्या इंजिनाचा सिलिंडर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळता केलेला असतो. तापला की फुगतो आणि पिस्टन मोकळा होतो; गार असताना पिस्टन वर जाऊन घट्ट अडकतो. मग दोरी ओढताना मुठीत येते ती नुसती कळ. जाणकार म्हणतात, इंजिनाचं डोकं आधी जरा शेकून घ्या.

"अहो, माझा हेअर ड्रायर कुठंय?"

"इंजिनाला लावलाय."

"इंजिनाला?"

"गार पडलंय गं ते."

"आणि मी ओल्या केसांनी बाहेर जाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही माहितीपुस्तिकेत नाही.

शेकून झालं, दोरी ओढली, ओढली, आणखी ओढली. इंजिन नुसतं फुरफुरलं. एव्हाना आत इंधन तुंबलेलं असतं. मग प्लग काढायचा, गाडी उलटी धरायची आणि पुन्हा दोरी ओढायची. आतलं सगळं इंधन पिचकारीसारखं बाहेर येतं. ते कुठं जाईल याचा अंदाज कितीही बांधा, ते शर्टावरच जातं.

आणि मग, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, ती एकदम कर्कश किंचाळते. निळसर पांढरा धूर येतो. शेजारची खिडकी धाडकन बंद होते. त्या क्षणी माझ्यासारखा सुखी माणूस शोधून सापडायचा नाही.

पण पळवायची नाही! आधी ब्रेक-इन. पहिल्या काही टाक्या इंधन जास्त सोडून, सावकाश, मध्ये मध्ये गार होऊ देत जाळायच्या. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हे, आणि तेही महागातलं.

त्यानंतर उरलेलं आयुष्य कार्बोरेटरच्या सुईचं. स्क्रू घड्याळाच्या दिशेनं फिरवला की मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी; उलटा फिरवला की रिच, म्हणजे इंधन जास्त. रिच असेल तर गाडी धूर ओकत गुरगुरते पण पळत नाही. लीन केली की जी सुटते म्हणता! मात्र इथंच सगळी गोम आहे: इंजिनाचं वंगण इंधनातूनच येतं, त्यामुळे लीन म्हणजे तेलही कमी. गाडी आयुष्यात सर्वांत झकास पळते ती इंजिन बसायच्या जरा आधी. म्हणून सुई एकावेळी जेमतेम अष्टमांश फेरा हलवायची आणि तापमान बघायचं. साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअस ठीक. थर्मामीटर नसेल तर इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकतात. तीन-चार सेकंद सळसळून उडाला तर बरं, पडताक्षणी चर्र झाला तर घाईनं बंद करा. एवढं सगळं जमवलं की हवा बदलते. गारठा पडला की सुई उघडा, उकाडा वाढला की जरा आवळा. सकाळी जमलेलं गणित दुपारी चुकतं, आणि मी मैदानात पाना घेऊन वाकलेलो असतो.

अधूनमधून गाडी पळतेही. १:८ ऑफ-रोडच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी तासभर चालते, १२५ सीसीची टाकी रिकामी व्हायच्या आत पिटमध्ये येऊन गाड्या इंधन घेतात आणि पुन्हा सुटतात. तास! माझी गाडी एका दमात टाकी संपवते त्या दिवशी मी चार जणांना फोन करतो. बरं, बहुतेक नायट्रो गाड्यांना रिव्हर्स नसतो. भिंतीला नाक लावून थांबली की मालकानं चालत जाऊन वळवायची. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं, ते असं मार्गी लागलं.

घरी आल्यावर टाकी रिकामी करा, उरलंसुरलं इंधन जाळून टाका, इंजिनात आफ्टर-रन तेलाचे थेंब सोडा, दोरी ओढून ते आत पसरवा. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि बेअरिंगांना गंज चढतो. स्पंजचा एअर फिल्टर धुऊन, वाळवून, तेलात मळून ठेवा. हे करताना मी गाणी गुणगुणतो अशी घरात तक्रार आहे.

भाच्यानं सगळी चौकशी करून शेवटी बॅटरीवरची घेतली. "मामा, तुझी चांगलीच आहे, पण मला खेळायचंय," म्हणाला. त्याची बॅटरी चार्ज होईपर्यंत त्याला दुसरं काम नसतं, म्हणून तो येऊन माझी दोरी ओढतो. आणि त्या नालायकाच्या हातून ती पहिल्याच झटक्यात सुरू होते.