हँग झालं होतं, मी सोडवलं

दुपारी वीज गेली. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत जनरेटर फक्त लिफ्टला आणि पंपाला, त्यामुळे टीव्ही बंद पडले की माणसं एकमेकांकडे जायला लागतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका माझ्याकडे आले.

मी सोसायटीच्या गणपतीतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ ब्लेंडर या प्रोग्रॅममध्ये रेंडरला, म्हणजे अंतिम फाइल तयार करायला, लावला होता. लॅपटॉप बॅटरीवर, पंखा घरघरतोय. विंडो मिनिमाइझ करून उपयोग नसतो. ती दिसेनाशी होते, प्रोसेसर राबतच राहतो. म्हणून टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या विंडोत, 'पीकिल -स्टॉप ब्लेंडर' टाकून प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवला. पंखा गप्प. प्रोग्रॅम मेमरीत जसाच्या तसा, फक्त कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याला प्रोसेसरचा वेळ देत नाही. वीज आली की 'पीकिल -कॉन्ट ब्लेंडर', आणि काम होतं तिथून पुढे चालू. मी खुशीत काकांसाठी सरबत करायला आत गेलो.

बाहेर आलो तर काका माझ्या खुर्चीत.

"अरे, हे हँग झालं होतं. मी सोडवलं."

"काय सोडवलं, काका?"

"क्लिक केलं, हलेना. पुन्हा केलं. मग चौकोन आला, थांबता की बळजबरीने बंद करू? थांबायचं काय त्यात? दिलं बंद करून."

"काका, मी ते मुद्दाम थांबवलं होतं."

"मुद्दाम हँग केलंस?"

"हँग नाही हो. तिथूनच परत चालू करता आलं असतं."

"मग कर की."

आता काय करू, कपाळ? एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे अगदी शेवटी लिहिली जाते, त्यामुळे अर्धी राहिलेली फाइल कुठल्याच प्लेअरला उघडेना. हे मी समजावत असताना काका सरबत पीत होते. साखर कमी पडल्याचंही त्यांनी सांगितलं.

"हे बघ, पॉज केलं की दोन उभ्या रेघा येतात. आमच्या टीव्हीवर येतात. इथे कुठे होत्या?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि राग त्याचाच जास्त आहे. टर्मिनलमध्ये कंट्रोल-झेड दाबलं तर निदान 'स्टॉप्ड' अशी ओळ उमटते. मग 'एफजी' म्हटलं की प्रोग्रॅम पुढ्यात, 'बीजी' म्हटलं की मागे चालू. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सोय 1980 च्या सुमारास आली. 'पीएस' म्हणून प्रोग्रॅमची यादी विचारली तर थांबवलेल्या प्रोग्रॅमसमोर 'टी' दिसतो, म्हणजे कर्नलला सगळं ठाऊक असतं. पण डेस्कटॉप कर्नलला विचारतच नाही. विंडोने उत्तर दिलं नाही, की मेली समजून उचलायची तयारी. आणि ते बटण असं ठेवायचं की कुणाही पाहुण्याचा हात पोचावा! थांबवणारा स्टॉप आणि मारून टाकणारा किल हे प्रोग्रॅमला धाडायचे दोन सिग्नल कुठल्याच प्रोग्रॅमला नाकारता येत नाहीत. मला मात्र नाकारता यायला हवे होते, काकांचे.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला: कुणाचा कॉम्प्युटर हँग होत असल्यास निःसंकोच बोलवावे. खाली अंगठ्यांची रांग. कुणीतरी विचारलं, गणपतीचा व्हिडिओ कधी मिळणार? मी टाइप करतोय तोवर काकांनीच उत्तर दिलं, "वेळ लागेल. त्याचा लॅपटॉप जुना आहे."

लॅपटॉप मी गेल्या दिवाळीत घेतलाय.