'वर्धाला' जाणारी बस : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमचे आक्षेप दोन. बसची माहिती देणाऱ्या चॅटबॉटची मराठी उत्तरं लिहायला मोठी भाषा-मॉडेलं हाताशी असताना मी अजून साचे (आधीच ठरलेली वाक्यं) आणि स्लॉट (त्यांत गाव, वेळ भरायच्या गाळलेल्या जागा) घेऊन बसलोय. आणि मल्टीवॉझ या इंग्रजी संवादांच्या चाचणी-संचावर चांगला आकडा आणणाऱ्या पद्धतीला उगाच नावं ठेवतोय.

आधी दुसरा घेतो. मल्टीवॉझ (२०१८) वरचा एकत्रित गुण म्हणजे इन्फॉर्म (योग्य पर्याय सुचवला का) आणि सक्सेस (मागितलेली माहिती दिली का) यांची सरासरी, अधिक ब्लू (माणसाच्या उत्तराशी शब्दांचं साम्य). हे सगळं बहुधा स्लॉट रिकामे असलेल्या वाक्यांवर मोजतात. खरं नाव, खरी वेळ भरायची ती नंतर. इंग्रजीत ते खपतं, नाव जसंच्या तसं बसतं. मराठीत नेमकी तिथंच माती होते. '[गाव]ला जाणारी बस' यात काटोल, उमरेड, रामटेक घाला, काही बिघडत नाही. वर्धा घातलं की 'वर्धाला', भंडारा घातलं की 'भंडाराला'. नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवर असं कोण बोलतं? म्हणून डेटाबेसात गावाच्या सामान्यरूपाचा वेगळा रकाना ठेवा. नियमाने काढायला गेलात तर गोंदिया अडवतो : तोही आकारान्त, पण 'गोंदियाला'. वेळेचं तसंच. 'साडे' अधिक तास असा कोड लिहिला की दीडचं 'साडेएक' होतं, अडीचचं 'साडेदोन'.

आता पहिला. साचे रटाळ असतात, मान्य. मॉडेलनं भाषा लिहावी, माहिती नव्हे. समजा पॉलिसीनं, म्हणजे काय सांगायचं ते ठरवणाऱ्या भागानं, ठरवलं : इन्फॉर्म(गाव=भंडारा, वेळ=२१:१५, जागा=३); इथे इन्फॉर्म म्हणजे गुण नव्हे, 'ही माहिती दे'. त्याचं साधं साचेबंद वाक्य करा, मॉडेलला तेवढंच नीट लिहायला सांगा, टेंपरेचर (शब्द निवडायची मोकळीक) ०.३ च्या आसपास, पर्याय ५. प्रत्येकात सुटलेले आणि जादा घुसलेले स्लॉट मोजा, एकूण स्लॉटांनी भागा. हाच स्लॉट एरर रेट. शून्य नसेल तो पर्याय बाद. पाचही बाद झाले तर मूळ साचाच पाठवा. रटाळ उत्तराने कोणाची गाडी चुकत नाही.

तपासणीतच बरेच जण फसतात. '२१:१५' शोधणारा कोड 'रात्री सव्वानऊ' असलेलं चांगलं वाक्य फेकून देतो. इंग्रजी आणि देवनागरी आकड्यांचे युनिकोड क्रमांकही वेगळे, त्यामुळे ताडण्याआधी दोन्हीकडची वेळ एकाच रूपात आणा.

एका जागी मात्र तुमचं खरं आहे. मॉडेलनं मनानेच 'तिकीट गाडीतच मिळेल' असं जोडलं, तर ही तपासणी ते पकडत नाही, कारण त्याला स्लॉटच नाही. त्यासाठी मूळ साच्याशी अर्थ ताडून बघणारं दुसरं मॉडेल लावावं लागतं, आणि उत्तर तेवढं उशिरा येतं.