ओव्हरस्पीडचा कोड आला म्हणजे सेन्सर गेला? असं नसतं हो

पोकलेनवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: मॉनिटरवर ओव्हरस्पीडचा (इंजिन मर्यादेपेक्षा जोरात फिरतंय असा) कोड आला की डोळे झाकून स्पीड सेन्सर बदला आणि कोड क्लिअर करा, इंजिन खरं पळत नसतंच, आणि पळालं तरी ते उतारावर मशीन चालवल्यामुळे, चावी बंद केली की थांबतं, मग परत स्टार्ट मारून कामाला लागा. यातलं एक वाक्य अर्धं बरोबर आहे आणि एक वाक्य माणसाच्या जीवावर उठणारं आहे, म्हणून लिहितोय.

आधी सेन्सरचं. कोमात्सूच्या पीसी २००-८ सारख्या मशीनवर सीए२३४ येतो, कमिन्समध्ये तोच २३४, एसपीएन-एफएमआयच्या (कुठल्या भागात आणि कसली गडबड, हे सांगणारे दोन नंबर) हिशोबात १९० आणि ०. म्हणजे काय, तर ईसीएमने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) मोजलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) मर्यादेच्या वर गेला आणि सिग्नल त्याला धड वाटतोय. सिग्नल तुटक किंवा गडबडीचा असेल तर साधारणपणे दुसराच कोड येतो, एफएमआय २ वाला (कोमात्सूत सीए६८९). आता सेन्सर कधीच फसवत नाही असं म्हणत नाही मी, त्याच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटतो, गॅप हलते, हार्नेस (वायरांचा जुडगा) कुठेतरी घासून शिल्ड (वायरीवरची जाळी) उघडी पडते, आणि बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी न काढणारे महाभाग तर गावोगावी आहेत. अर्धं बरोबर म्हणालो ते एवढंच. पण नवा सेन्सर विकत घ्यायच्या आधी क्रँक पुलीला चमकणारी पट्टी चिकटवून फोटो टॅकोमीटर (उजेडाने फेरे मोजणारं यंत्र) धरा ना, लो आयडलपासून हळूहळू वर न्या आणि मॉनिटरशी जुळवून बघा. जुळलं तर सेन्सर खरं बोलतोय, विषय संपला.

कोड क्लिअर करण्याची घाई तर अजिबात नको. कोडबरोबर ईसीएममध्ये त्या क्षणाची माहिती साठलेली असते, आरपीएम किती होता, अवर मीटर किती, थ्रॉटलची मागणी किती, काही मशीनमध्ये डिझेल किती सोडत होता तेही. तीच तर खरी साक्ष. कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणारं) इंजिन मर्यादेबाहेर गेलं की ईसीएम स्वतःच इंजेक्टरचं डिझेल तोडतो. मग डिझेलची मागणी शून्य आणि तरी आरपीएम चढतोय असं दिसलं तर समजा की इंजिनाला खाणं दुसरीकडून मिळतंय. तेव्हा टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होस काढून आत ऑइल किती साठलंय बघायचं, टर्बोच्या शाफ्टला प्ले आहे का बघायचं, ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी वाट) तुंबलाय का बघायचं. डिपस्टिकवर लेव्हल खुणेच्या वर आणि वास डिझेलचा येत असेल तर इंजेक्टर किंवा पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, असं पातळ झालेलं जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून इनटेकला जातं आणि जळतं. निळा पांढरा धूर ही त्याची खूण. जुन्या इनलाइन पंपाच्या मशीनमध्ये मात्र आधी रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) बघा, पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये पाणी जाऊन रॅक गंजून अडकतो. तिथे हाय आयडलचा स्क्रू फिरवून काही होत नाही.

उताराचं पटकन सांगतो. ट्रकमध्ये उतारावर चुकीचा गिअर टाकला की चाकं इंजिनाला पळवतात, खरं आहे. बंद सर्किटवाल्या (मोटरमधून ऑइल थेट पंपात परत येणाऱ्या) हायड्रोस्टॅटिक मशीनमध्येही तसं होऊ शकतं. पोकलेनचं सर्किट उघडं (ऑइल टाकीत परत जातं), शिवाय ट्रॅव्हल मोटरला काउंटरबॅलन्स व्हॉल्व (उतारावर मोटर रोखून धरणारा) असतो. तो खराब झाला तर मशीन उतारावर सुसाट सुटेल, पण ट्रॅक उलटा पंप फिरवून इंजिन पळवणार नाही.

आता जीवघेणं वाक्य: "चावी बंद केली की थांबतं". चावी फक्त डिझेल तोडते. इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत असेल तर चावी हातात घेऊन बसा, ते पळतच राहणार, आणि रॅक अडकला असेल तर स्टॉप सोलेनॉइडही त्याला ओढू शकत नाही. हवेतून गॅस आला तरी तेच. २३ मार्च २००५ ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत हायड्रोकार्बनची वाफ पसरली, जवळ उभ्या डिझेल पिकअपचं आयडलवरचं इंजिन तीच वाफ ओढून पळालं आणि स्फोटाची ठिणगी बहुधा तिथूनच पडली, १५ माणसं गेली. म्हणून उपाय एकच, हवा तोडा. एअर शटऑफ व्हॉल्व असेल तर तो ओढा, नसेल तर कार्बन डायऑक्साइडचा फायर सिलिंडर थेट इनटेकमध्ये, तेही सुरक्षितपणे पोचता येत असेल तरच. इनटेकवर हात किंवा फडकं अजिबात धरू नका, ओढ भयंकर असते. जमत नसेल तर ऑपरेटरला उतरवून सगळ्यांनी लांब व्हायचं, मशीन परत मिळतं.

आणि बंद झाल्यावर "परत स्टार्ट मारा"? आरपीएम २००० चा ३००० झाला तर कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवरचा ताण दीडपट नाही, सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. व्हॉल्व तरंगून (वेळेत बंद न होऊन) पिस्टनला लागलेले असू शकतात. आधी बार लावून हाताने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवा, कुठे अडतंय का बघा, टॅपेट कव्हर उघडून पुशरॉड आणि व्हॉल्व क्लिअरन्स तपासा, डॅम्पर, फॅन, टर्बोची पाती, पंपाचं कपलिंग बघा, ऑइल फिल्टर कापून चुरा शोधा. एक जरी पुशरॉड वाकलेला निघाला तर स्टार्टरला हात लावायचा नाही, हेड उतरवायचं.