फॅक्टरची ‘सवय’ लागते म्हणे!

हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार. त्यावरचा एक लांबलचक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘प्रत्येक पालकाने वाचावा’. सार एवढंच: हा राजघराण्यांचा, नात्यात लग्नं केल्याने होणारा आजार. तो आईच्या माहेरच्या खोटीमुळे येतो आणि मुलींना होत नाही. फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन, रुग्णात कमी असतं म्हणून बाहेरून देतात ते) जास्त घेतला की शरीराला त्याची सवय लागते नि तो लागू पडेनासा होतो, म्हणून अगदी असह्य होईपर्यंत थांबावं. तसंही वेल्लोरला आता कायमचा इलाज निघालाय. ते ‘थांबावं’ सांध्यात रक्त साचून एखाद्या पोराचा गुडघा कायमचा घालवू शकतं, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी राजघराणं उरकतो. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये पडल्याचं निमित्त होऊन गेला, आणि तिचा पणतू म्हणजे रशियाचा युवराज अलेक्सी. रशियाच्या त्या घराण्याच्या अस्थींमधला डीएनए तपासला तेव्हा २००९ मध्ये कळलं की दोष फॅक्टर नऊच्या जनुकात होता. म्हणजे तो हिमोफिलिया ‘बी’, विरळा प्रकार. आपल्याकडे बहुतेकांना असतो तो ‘ए’, फॅक्टर आठच्या कमतरतेचा. साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला.

नात्यातल्या लग्नाचं काय? ही दोन्ही जनुकं एक्स गुणसूत्रावर आहेत. मुलग्याला एक्स एकच मिळतं, आईकडून. बाप तिच्या आत्याचा मुलगा असो की परगावचा, मुलग्याच्या बाबतीत फरक पडत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा रक्तस्रावाच्या दुसऱ्या आजारांची, म्हणजे ग्लान्झमन, फॅक्टर तेराची कमतरता किंवा फॉन विलेब्रांडचा सगळ्यात तीव्र प्रकार यांची, हिमोफिलियाशी सरमिसळ केली आहे. तिथे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते, त्यामुळे मामाच्या मुलीशी केलेलं लग्न खरोखरच जोखीम वाढवतं.

आता ‘माहेरची खोट’. सदोष जनुक आईमार्फत येतं, हे खरं. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो. बदल नव्याने घडलेला असतो. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्यांपैकी जवळपास ४५ टक्क्यांत एकच गोष्ट सापडते: फॅक्टर आठच्या जनुकाचा मोठा तुकडा उलटा फिरलेला. हे १९९३ मध्ये उलगडलं. जनुकाच्या आतला एक भाग आणि गुणसूत्राच्या टोकाकडच्या त्याच्यासारख्याच दोन भागांपैकी एक हे एकमेकांना चिकटतात आणि मधला तुकडा पलटतो. स्त्रीबीज तयार होताना दोन एक्स शेजारी शेजारी जुळतात, म्हणून हे क्वचित घडतं. पुरुषाचं एक्स एकटं असतं, ते स्वतःवरच दुमडतं. त्यामुळे ही पलटी बहुतेक वेळा शुक्रपेशी तयार होताना होते. म्हणजे बऱ्याचदा त्या मुलाच्या आजोबांच्या, आईच्या वडिलांच्या शरीरात. ते स्वतः ठणठणीत असतात. पुरुषांमध्ये असे बदल जास्त होत असावेत, हा अंदाज जनुकशास्त्रज्ञ हाल्डेनने १९४७ मध्ये हिमोफिलियावरूनच बांधला होता. हाच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. तरी अजून सुनेलाच विचारतात, ‘तुमच्याकडे कुणाला होतं?’

मुलींना होत नाही, हेही अर्धवटच. वाहक, म्हणजे एक सदोष प्रत बाळगणाऱ्या, स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गप्प बसतं, कुठलं ते नशिबावर. निर्दोष एक्स जास्त पेशींत गप्प बसलं तर फॅक्टर सामान्य पातळीच्या ४० टक्क्यांखाली जातो. मग पाळीत अतोनात रक्तस्राव, दाढ काढल्यावर न थांबणारं रक्त, आणि घरातल्या बायकांचं ‘आमच्यात सगळ्यांचं असंच असतं’. शिवाय हिमोफिलिया असलेल्या तरुणाचा मामाही तसाच असेल आणि त्याने त्या मामाच्या मुलीशी लग्न केलं, तर होणाऱ्या प्रत्येक मुलीला हिमोफिलिया असण्याची शक्यता निम्मी. नात्यातलं लग्न इथे मात्र आडवं येतं.

आता ती ‘सवय’. फॅक्टर लागू पडेनासा होतो हे खोटं नाही. त्यामागे जे असतं त्याला इनहिबिटर म्हणतात. पण ती दारूसारखी सवय नव्हे. तीव्र हिमोफिलिया असलेल्या बाळाच्या शरीराने फॅक्टर आठ जवळजवळ पाहिलेलाच नसतो. बाहेरून दिलेला फॅक्टर त्याच्या प्रतिकारशक्तीला परका वाटतो आणि ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते; हाच इनहिबिटर. तीव्र ‘ए’मध्ये हे २५ ते ३० टक्के रुग्णांत होतं, ‘बी’मध्ये ३ ते ५ टक्क्यांत. जनुकाचा मोठा भागच गळालेला असेल तर धोका फार. एखादंच अक्षर बदललेलं असेल तर कमी, कारण थोडंबहुत ओळखीचं प्रथिन शरीरात असतं.

आणि हे कधी होतं? बहुतेकदा पहिल्या ५० वेळांच्या आत, त्यातही पहिल्या २० मध्ये. दहा वर्षं फॅक्टर घेणाऱ्या मुलाला ‘जपून वापर’ सांगणं म्हणजे वादळ गेल्यावर खिडक्या लावणं. सुरुवातीलाच मोठं ऑपरेशन किंवा मोठ्या रक्तस्रावामुळे भरपूर फॅक्टर द्यावा लागला तर धोका वाढतो, एवढा मुद्दा मान्य. पण सांध्यात रक्त साचत असताना थांबणं हे त्यावर उत्तर नाही. गंमत अशी, की इनहिबिटर घालवायचा जुना आणि अजूनही चालणारा मार्ग म्हणजे महिनोन्‌महिने नियमित फॅक्टर देऊन शरीराला तो ‘आपला’ मानायला लावणं. १९७० च्या दशकात बॉनमध्ये तो रुळला. खर्च मात्र आपल्याकडच्या बहुतेकांना न झेपणारा.

याच मजकुरात ‘रिकॉम्बिनंट फॅक्टर शुद्ध, म्हणून इनहिबिटर होत नाही’ अशीही एक ओळ आहे. रिकॉम्बिनंट म्हणजे रक्तातून न काढता प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेला. भारतासह अनेक देशांतल्या मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिपेट या चाचणीत नेमकं उलट दिसलं: रक्तद्रवापासून बनवलेल्या फॅक्टरवर २६.८ टक्के मुलांत इनहिबिटर झाला, रिकॉम्बिनंटवर ४४.५ टक्के. ज्यांना इनहिबिटर झालाच, त्यांच्यासाठी एमिसिझुमॅब हे कातडीखाली देण्याचं औषध आहे. ते फॅक्टर आठचं काम करतं, पण त्याची रचना वेगळी असल्याने प्रतिपिंडं त्याला ओळखत नाहीत.

राहिलं वेल्लोर. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं (सीएमसी) काम खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या पाच जणांच्या स्वतःच्या रक्तमूलपेशींत (ज्यांपासून रक्तपेशी बनतात) लेंटिव्हायरस या विषाणूमार्फत फॅक्टर आठचं जनुक घालून त्या परत दिल्या. पाचही जणांचे रक्तस्राव थांबल्याचं डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ही पहिल्या टप्प्याची चाचणी, इनहिबिटर नसलेल्या प्रौढांवरची, आणि पेशी परत देण्याआधी केमोथेरपी घ्यावी लागते. उद्या तिकीट काढून जाण्यासारखं ते औषध नाही. बदललं ते रक्त, बीजपेशी नाहीत. त्या पाचांपैकी कुणाला मुलगी झाली तर ती वाहकच असणार, आणि तिची फॅक्टर पातळी लहानपणीच तपासून घ्यावी लागणार.