लाल दिवा जळतो आहे ना!

माझ्या नव्या सर्ज प्रोटेक्टरमध्ये, म्हणजे विजेच्या अचानक उसळणाऱ्या लाटेपासून उपकरणांना वाचवणाऱ्या सहा भोकांच्या पट्टीत, पत्नीच्या मामांनी १५०० वॅटची किटली खुपसली आणि मी ती उपसून काढताच, "जावईबापू विजेला फार भितात बुवा," असा शेरा भर बैठकीत मारला. सगळे हसले. सासूबाई तर डोळ्यांना पदर लावून हसल्या. तो शेरा मला अजून झोंबतो आहे.

ती भीती नव्हती, गुणाकार होता. १० अँपिअरच्या पट्टीतून २३० व्होल्टला फार तर २३०० वॅट जाऊ शकतात आणि शेजारच्या भोकात मामींची १००० वॅटची इस्त्री आधीच विराजमान होती. "पण भोके सहा आहेत!" मामा म्हणाले. भोके सहा असली तरी भिंतीतून येणारी वायर एकच असते, हे मी सांगितल्यावर त्यांनी शांतपणे स्वतःच्या पिशवीतून दुसरी पट्टी काढली आणि माझ्या पट्टीत अडकवली. "घ्या, आता अकरा झाली." हिशेब बिनचूक होता, हेच माझे दुःख. त्या दुसऱ्या पट्टीची अर्थिंगची जाड पिन त्यांनी पूर्वीच पकडीने उडवली होती, कारण ती म्हणे कुठेच धड बसत नसे.

शेवटी मी मुळापासून समजवायला घेतले. या पट्टीत झिंक ऑक्साइडची एक चकती असते, जिला व्हॅरिस्टर म्हणतात. नेहमीच्या व्होल्टेजला ती ढिम्म हलत नाही, परंतु व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे उसळले की क्षणार्धात वाट मोकळी करते आणि उपकरणात शिरू पाहणारी लाट न्यूट्रलकडे किंवा अर्थिंगकडे वळवते. अशा प्रत्येक तडाख्यागणिक ती थोडी झिजते, आणि एक दिवस कोणालाही न कळवता संपते.

"म्हणजे पट्टी मेली?" मामांनी विचारले.

"संरक्षण मेले."

"आणि वीज?"

"बहुतेक पट्ट्यांत ती येतच राहते."

"किटली तापते?"

"तापते."

"मग मेले कोण?"

या प्रश्नावर पुन्हा हशा पिकला. त्यानंतर मामांनी पट्टीवरच्या दिव्याकडे बोट दाखवून, "लाल दिवा जळतो आहे ना? मग झाले तर," असा निकाल दिला. तो दिवा बटण चालू असल्याचा असतो, संरक्षण शाबूत असल्याचा दिवा निराळा असतो आणि पुष्कळ पट्ट्यांत तो नसतोच, हे माझे वाक्य कोणी ऐकलेही नाही.

खरे तर मामांवर चिडण्यात अर्थ नाही. खोक्यावर दणदणीत अक्षरांत काय छापतात? भोके किती, वायर किती लांब आणि रंग कोणता! ज्यूलचा आकडा, म्हणजे चकती एकूण किती ऊर्जा पचवील तो, आणि कोणत्या व्होल्टेजला ती लाट अडवील तो दुसरा आकडा (पहिला जितका मोठा आणि दुसरा जितका लहान तितके बरे) हे मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत सापडले तर नशीब. आयईसी ६१६४३-११ हे अशा संरक्षकांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक शोधायला तर भिंगच हवे. कित्येक पट्ट्यांत चकतीच नसते; असतो तो फक्त जादा भार तोडणारा ब्रेकर, ज्याला लाटेशी काही देणेघेणे नसते. तरीही त्या संरक्षक म्हणून खपतात, आणि त्यांचा मालक दर वेळी फ्रिजची मोटार सुरू-बंद होताना उठणाऱ्या बारीक लाटा टीव्हीला खुशाल खाऊ घालत बसतो. घरावर थेट वीज कोसळली तर माझीही पट्टी टिकणार नाही, म्हणून वादळात मी प्लग काढून ठेवतो. त्यावरही मामांचा शेरा तयार होताच.

सासूबाईंना आता तसाच एक प्रोटेक्टर हवा आहे. पैसे मी द्यायचे आणि निवड मामांनी करायची, असे ठरले आहे.