अनंताची मर्जी

अनंताचं शास्त्रीय नाव गार्डेनिया. ते बागेवरून पडलं असणार, अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात ते अलेक्झांडर गार्डन (1730–1791) या स्कॉटिश डॉक्टरवरून पडलंय. झाड घरी येऊन पंधरा दिवस झाले आणि बाग सोडून डॉक्टरच का, ते मला कळलं.

आधी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी कमी पडतंय म्हणून मी ओतत सुटलो, तर आणखी पिवळी! मग उलगडा झाला. स्वारीला आंबट माती लागते, सामू (pH) 5 ते 6. नळाचं जड पाणी तो चढवतं आणि मग मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. भरल्या ताटावर उपास! लोहासाठी हिराकस आणलं. भर पावसात उभं राहून बादल्या भरल्या. "जड पाण्याने माझेही केस गळतात," बायको एवढंच म्हणाली. बादलीकडे बघत म्हणाली.

पुढे झाडावर पिठ्या ढेकूण (रस शोषणारे पांढरे किडे) झाले. कान साफ करायच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपला.

मग कळ्या आल्या. अकरा. हिरव्यागार, पीळ घातलेल्या. आल्यागेल्याला दिसाव्यात म्हणून मी कुंडी उचलून खिडकीत ठेवली, आणि आठवड्यात दहा कळ्या जमिनीवर. कळ्या धरल्यावर जागा बदललेली अनंताला खपत नाही, हे तेव्हा कळलं. उरलेल्या एकीसाठी मी पंखा बंद ठेवला, खिडकीपाशी दबक्या पावलांनी जाऊ लागलो. "बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा एवढी शांतता नसते रे," आई म्हणाली.

शेवटी एका संध्याकाळी पीळ सुटला. सकाळी बघतो तर पांढरंशुभ्र, मेणातून कोरल्यासारखं फूल. घर घमघमत होतं म्हणे. 'म्हणे', कारण बादल्या भरताना भिजून मला सणसणीत सर्दी झाली होती. पाकळ्यांत नाक खुपसलं, तर दोन शिंका आल्या फक्त.

तीन दिवसांनी नाक मोकळं झालं, तोवर फूल पिवळं पडून कडांनी तपकिरी झालं होतं.

"आई, वास कसा होता गं?"

तिने बराच वेळ आठवून पाहिलं. "मोगऱ्याच्या जवळपासचा. पण मोगऱ्याची एवढी कटकट नसते."